पाऊणचा ठोका

दि. ४ जानेवारी

चि. लंबक यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’ याच्या पुढे जात नाहीस, म्हणून हे पत्र. कागद निदान मध्येच ठेवून देता येत नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्रेचाळीस वर्षांच्या बाप्याला मी अजून लंबक म्हणते, याबद्दल तुझ्या बायकोने मला माफ करावं. पण जेवताना पाय हलवणं तू सोडलं असशील यावर माझा विश्वास नाही. आणि नाव अप्पांनी ठेवलंय, मी नाही.

अप्पांचं काही खरं नाही. डॉक्टर येतात, छातीला नळी लावतात आणि माझ्याकडे न बघता औषध लिहितात, त्यावरून समजायचं ते समजले आहे. डोळे चार वर्षांपूर्वीच गेले. आता पायांतला जोरही गेला. दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत असतात. मांडीवर कांबळं आणि हातात सातव्या खणातलं घड्याळ.

तुला ते घड्याळ आठवत असेल, असं लिहिणार होते. मूर्खच आहे मी. दुसरं काय आठवत असणार तुला या घरातलं? एका मेलेल्या डॉक्टरच्या सामानाच्या लिलावात, जुन्या चष्म्यांच्या खोक्याच्या तळाशी ते अप्पांना मिळालं होतं. सोन्याचं, पातळ, जवळजवळ दोनशे वर्षांचं. तसली जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत म्हणतात. खटका दाबला की आधी तास वाजतात, मग पाव तासांचे जोडठोके: सव्वाला एक जोडी, साडेला दोन, पाऊणला तीन. पण त्या दिवसापासून तिसरी जोडी वाजत नाही. पाऊण झाला तरी ते अर्धाच सांगतं. त्यामुळे अप्पा खटका दाबतात, ऐकतात आणि मला विचारतात, अर्धा की पाऊण? दिवसातून दहा वेळा. मी ग्रंथालयात बांधणीच्या कामावर असते तेव्हा शेजारच्या बाई सांगतात, पण त्यांच्यावर अप्पांचा भरवसा नाही. त्या गोल करून सांगतात म्हणे.

अप्पांच्या संग्रहातल्या एकतीस घड्याळांपैकी ज्यांची पाळी असेल त्यांना मी रोज सकाळी किल्ली देते. सगळी एकदम चालवायची नाहीत, आणि कुठलंही फार दिवस बंद ठेवायचं नाही, तेल घट्ट होतं. अप्पा मान कलती करून ऐकत असतात. आणि उजव्या हाताने द्यायची. मी जेवते डाव्याने, शिवते डाव्याने, पुस्तकं कापते डाव्याने. किल्ली मात्र उजव्याने. हा नियम मोडला तर त्यांना आवाजावरून कळतं.

दूरच्या एका संग्राहकाने सगळा संग्रह घेऊन नीट जपण्याची तयारी दाखवली आहे. अप्पा म्हणतात, सात नंबरचं ठरल्याशिवाय कोणी यायचं नाही. तुझं नाव काढत नाहीत. पण काल विचारलं, त्याची मुलगी आता केवढी असेल. सात वर्षांची, म्हटलं.

येऊन जा रे. लोभ पुढच्या पत्राआधी घेऊन यावा.

तुझी,
ताई


दि. १५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बायकोने आधी वाचलं. त्यामुळे आता चिमीसुद्धा मला लंबक म्हणते. तुझे उपकार कसे फेडू? पाय अजून हलतात, हे तुला कळवायला तिने मुद्दाम सांगितलंय.

पण येणार नाही. रागावू नकोस, ऐक.

त्या दुपारी मी मैदानावरून आलो. टेबलावर घड्याळ उघडं पडलेलं, काटा वाकडा, तबकडीवर ओरखडा. मी उचललं. का उचललं ते विचारू नकोस, सतरा वर्षांचं पोरगं समोर पडलेली वस्तू उचलतंच. तेवढ्यात अप्पा दारात. त्यांनी एकदा विचारलं, मी नाही म्हटलं. “घड्याळ खोटं सांगत नाही, माणूस सांगतो,” असं म्हणाले, तेही घड्याळजी काकांच्या देखत. मग दीड महिना माझ्याशी बोलले नाहीत. पाण्याच्या खात्यात नकाशे काढणारा माणूस, एक रेघ ओढली की ओढली. मी अठरा पुरे व्हायच्या आत घर सोडलं. तू तुझा राखाडी स्वेटर माझ्या पिशवीत कोंबला होतास. अजून आहे. कोपरांत विरलाय.

सव्वीस वर्षं झाली. घड्याळाचं मला काही नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही, ते लागलं. लिफ्टच्या मोटारीपाशी एकटा बसलेलो असतो तेव्हा अजून डोक्यात येतं, कोणी केलं असेल ते? काकांचा संशय घेऊन झाला. शेजारच्या बाईंचा घेऊन झाला. तुझा मात्र कधी आला नाही. घरात माझ्या बाजूचं तेवढं एकच माणूस होतं.

त्यांनी ‘तू नाही केलंस’ एवढे तीन शब्द म्हणावेत. मिळेल त्या गाडीने येतो. नाहीतर नाही. तब्येत सांभाळ, तुझी म्हणतोय.

लोभ आहेच. तुझ्यावरचा कमी व्हायचा नाही.

तुझा,
लंबक (आता नाइलाजाने)


दि. २ फेब्रुवारी

चि. लंबक यास,
आशीर्वाद लिहायला हात होत नाही, तरी अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पंधरवडा होऊन गेला. एवढे दिवस हेच पत्र लिहीत होते. चार वेळा फाडलं.

ते घड्याळ मी बिघडवलं.

अप्पा काकांना आणायला गेले होते. घरात मी एकटी. अडीच वाजले होते. त्या घड्याळाचे सगळ्यात जास्त ठोके पाऊण वाजता पडतात, बारा आणि वर तीन जोड्या. ते मला एकदा माझ्या हाताने ऐकायचं होतं. एवढंच. मी खटका दाबला, दोन वाजले, मग जोडठोके सुरू झाले, आणि मला धीर निघेना. वाजत असतानाच छोटी चावी काट्यांवर लावून फिरवली. ठोके पडत असताना काट्यांना हात लावायचा नाही, हे मला पाठ होतं, तुलाही होतं. आतून आवाज आला. जेवताना दाताखाली खडा यावा तसा. चावी घसरली. मी घड्याळ खाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी परत घासायला लागले.

मग तू आलास. मग ते आले. मला सगळं ऐकू येत होतं. नळ चालू होता, तरी सगळं ऐकू आलं.

वाटलं, आत्ता जाऊन सांगते. मग वाटलं, जेवणं झाल्यावर. मग उद्या. तू पिशवी भरत होतास तेव्हासुद्धा ओठांवर होतं आणि मी तुझ्या हातात स्वेटर दिला. आई गेल्यापासून अप्पांना माझ्याशिवाय करमायचं नाही, ते मला गमवायचं नव्हतं. नंतर तू गेलास आणि सांगण्याची किंमत रोज वाढत गेली.

लोक म्हणतात, पोरीने बापासाठी जन्म काढला. एकतिसाव्या वर्षी मोठ्या ग्रंथालयातून बोलावणं आलं होतं, दुर्मीळ पुस्तकांच्या बांधणीसाठी. नाही म्हटलं. सगळ्यांना वाटलं मायेपोटी. मी शिक्षा भोगत होते, आणि ती बिनबोभाट भोगता येते हे मला बरं वाटत होतं. या सगळ्यात तुझी शिक्षा मात्र तशीच चालू होती, हे मला रोज दिसत होतं. अर्धा की पाऊण, असं ते विचारायचे तेव्हा दर वेळी दिसत होतं.

अप्पांना अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे. तुला आधी सांगायचं होतं.

लोभ मागायचा हक्क राहिला नाही. मागत नाही.

ताई


दि. ११ फेब्रुवारी

चि. लंबक यास,
अनेक आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. येऊ नये हेही बरोबर. तरी लिहिते, कारण यात माझं काही नाही, अप्पांचं आहे.

रविवारी त्यांना सांगितलं. खुर्चीपाशी खाली बसले आणि तुला लिहिलं तेच सगळं सांगितलं, नळासकट. त्यांचं बोट कांबळ्यावर खटका शोधत होतं. घड्याळ हातात नव्हतंच. आठवड्यापूर्वी तेल घालायला काकांकडे दिलं म्हणाले. बरंच शोधून झाल्यावर मला विचारलं, “अर्धा की पाऊण?”

मी भिंतीवर पाहिलं. पावणेपाच झाले होते. पाऊण, म्हटलं. ते ‘हं’ म्हणाले. अगदी तू फोनवर म्हणतोस तसं. आणि डोळे मिटले.

त्यांनी ऐकलं की नाही मला कळलं नाही. दुसऱ्यांदा सांगायची माझी ताकद नव्हती.

आणखी एक. अप्पांची वही तुला माहीत आहे, एका घड्याळाला एक पान. कुठून आलं, कोणी बनवलं, काय काय दुखणी आहेत, काय काम बाकी आहे. मला ती उघडायची परवानगी नव्हती. काल औषधाची चिठ्ठी शोधताना उघडली. सातवं पान नाही. शिवणीला धरून कापलंय, वेडंवाकडं. धंद्यातल्या माणसाने असं कापलं नसतं. विचारलं तर म्हणाले, थकलोय.

डॉक्टर आता दिवसांच्या भाषेत बोलतात. ‘तू नाही केलंस’ हे ते म्हणतील का, मला ठाऊक नाही. पण आता या घरात ते म्हणायचं राहिलेलं नाही, मी म्हटलंय. त्यावर यायचं असेल तर ये. मी समोर यायला नको असेल तर त्या वेळी ग्रंथालयात जाऊन बसेन.

त्यांच्यावर लोभ असावा. थोडा.

ताई


दि. २२ फेब्रुवारी

चि. लंबक,
घड्याळजी काकाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

अप्पा सोळा तारखेला सकाळी गेले ते फोनवर कळवलंच. त्रास झाला नाही. तुझी वाट शेवटपर्यंत पाहिली असं लिहून तुला दुखवणार नाही, कारण ते काय पाहत होते हे मलाही कधी समजलं नाही, आणि मी चाळीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून घड्याळं उघडली.

सोबतचं पार्सल जपून उघड. सात नंबर आहे, आणि त्याचं वहीतलं पान आहे. अठ्ठावीस जानेवारीला तुझी ताई कामावर गेलेली असताना अप्पांनी मला बोलावलं. त्यांना दिसत नव्हतं म्हणून पान मी कापलं. कापता येत नाही मला, तुझी ताई बघून हळहळली असेल. माझ्यामागे पाठव म्हणाले. मी म्हटलं, आजच टाकतो, पोरगं येईल. तर म्हणाले, “वाचून आला तर मला त्याच्याशी बोलावं लागेल.”

मी ऐकलं. तिथे मी चुकलो. सत्तरी उलटली तरी माणसाला कधी ऐकायचं नाही ते कळत नाही.

आणि मी तेवढाच एकदा चुकलेलो नाही. ओरखडा कुठल्या बाजूला गेलाय ते भिंगातून पाहिलं की चावी कुठल्या हातात होती ते कळतं. दुसऱ्याच दिवशी मी अप्पांना ते सांगितलं होतं. पुढचं त्यांनी ठरवायचं, असं म्हणून मी माझं भिंग पुसत बसलो. सव्वीस वर्षं पुसतोय.

पाव तासांचे ठोके वाजवणाऱ्या पट्टीचा एक दात तुटलेला आहे. नवा करून बसवतो, असं मी किती वेळा म्हटलं असेन. राहू दे म्हणायचे. आता घड्याळ तुझं आहे. दात बसवायचा असेल तर आण, हात थरथरायला लागायच्या आत.

आमच्यावरचा राग ओसरला की लोभ करावा.

घड्याळजी काका


दि. ५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं तिसरं पत्र आलं त्या दिवशी बॅग भरली होती. स्टेशनवर दोन तास बसलो. दोन गाड्या समोरून गेल्या. परत आलो. बायकोने बॅग रिकामी करून कपाटावर ठेवली. दोन दिवसांनी काकांचा फोन आला. हे कोणाला तरी सांगायला हवं होतं, आणि कोणीतरी म्हणजे तूच निघालीस, बघ.

तुझ्यावर राग आहे. खोटं कशाला? सकाळी उठलो की असतो. पण दुपारपर्यंत टिकत नाही, मध्ये अप्पांवरचा घुसतो. का ते खाली वाच. पान उतरवून देतोय. बायको म्हणाली एक ओळ गाळ. पण आपल्या घरात सगळ्यांनी गाळण्याखेरीज काय केलं?

त्या आठवड्यातली नोंद, नकाशावर असायचं तसलं अक्षर:
‘तबकडीवर ओरखडा. चावी डाव्या हातात होती. मुलाचा हात उजवा. बाकी काम: एक, पट्टीचा दात. दोन, मुलाला सांगणे.’

पुढे दर जानेवारीत एक ओळ. बहुतेक ओळी एवढ्याच: ‘दोन्ही बाकी.’

पाचव्या वर्षी: ‘मुलाचा पत्ता मिळाला. दोन्ही बाकी.’

अकराव्या वर्षी: ‘हिला मोठ्या ग्रंथालयाचे बोलावणे. मुलाला सांगितले तर हिलाही कळेल, आणि ही जाईल. दोन्ही बाकी.’

एका वर्षी नुसतं: ‘मुलाला मुलगी झाली. दोन्ही बाकी.’

मग डोळे गेल्यावर काकांच्या अक्षरात, आणि शेवटी या जानेवारीत: ‘दात राहू द्यावा. दुसरे काम माझ्यामागे करणे.’

ताई, ते शब्द मला सव्वीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते. फक्त टपालात पडले नाहीत. आणि तू रविवारी खुर्चीपाशी बसून त्यांना जे सांगितलंस, त्यात त्यांच्यासाठी नवीन काही नव्हतं.

घड्याळ कपाटात आहे. चिमीने एकदा दाबून ऐकलं. म्हणाली, हे चुकीचं वाजतं. दात बसवू का? तू सांगशील तसं करतो.

लोभाचं काय लिहायचं ते अजून सुचत नाही. जागा सोडतो.

तुझा,
लंबक


दि. १४ मार्च

चि. लंबक यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बांधणीच्या टेबलाशी उभी राहून वाचलं. समोर एक जुनी वही शिवायला होती. ती दिवसभर तशीच राहिली.

उजव्या हाताचा तो नियम आधी नव्हता. मी नीट आठवून पाहिलं. अप्पांनी तुझ्याशी बोलणं बंद केलेल्या त्या दीड महिन्यातच तो लागू झाला. मला वाटायचं, घड्याळांच्या भल्यासाठी असेल. रोज सकाळी मी हात बदलायचे आणि ते मान कलती करून ऐकायचे. म्हणजे रोज सकाळी आम्ही दोघं तेच बोलत होतो, आणि मला एकटीलाच ते माहीत नव्हतं.

अकराव्या वर्षाची ओळ गाळली नाहीस ते बरं केलंस. ती वाचून रडू आलं नाही. फार थंड वाटलं. मी पळून जाऊ नये म्हणून ते गप्प राहिले, आणि मी पळून जायला भीत होते म्हणून मी. मध्ये तू. त्या रविवारी मी ‘पाऊण’ म्हटलं तेव्हा त्यांना खरंच वेळ हवी होती का, हे आता कोणाला विचारू?

ते गेल्यावर मी किल्ली देणं सोडलं. मुद्दाम नाही, हातच गेला नाही. चालू होती ती एकेक करून थांबली. शेवटचं मंगळवारी दुपारी. मी त्यांच्या खुर्चीत बसून ते थांबायची वाट पाहिली. मग घरात इतकं शांत झालं की शेजारच्या बाई येऊन विचारून गेल्या, बरी आहेस ना. बरी आहे म्हटलं. त्या गोल करून सांगतात, मीही सांगितलं.

दात बसवून घे. अप्पांनी राहू दे म्हटलं असलं तरी. आपली चूक चिमीने का ऐकावी? काकांकडे लवकर ने, चहाचा कप त्यांना आता दोन हातांनी धरावा लागतो. आणि तिला एवढं शिकव: खटका शेवटपर्यंत दाबायचा, अर्धवट सोडायचा नाही, आणि वाजत असताना काट्यांना हात लावायचा नाही. सगळं वाजून होऊ द्यायचं. तेवढा धीर धरायचा.

संग्राहक पुढच्या आठवड्यात येतील आणि सगळी घेऊन जातील. त्यातलं एक मी ठेवलंय, बाराव्या खणातलं, पोलादी, पोचे आलेलं. त्यांनी ते उलटूनही पाहिलं नसतं. आज सकाळी त्याला किल्ली दिली, डाव्या हाताने. आधी हात उजवाच पुढे झाला, त्याला मागे घ्यावं लागलं. घड्याळाला काही फरक पडला नाही. चालू लागलं.

सुट्टी फार साठली आहे. मे महिन्यात चार दिवस तिकडे आले तर चालेल का? ये म्हणालास तरच येईन. नाही म्हणालास तरी स्वेटरची कोपरं पाठव, शिवून देते.

लोभासाठी तू सोडलेली जागा तशीच ठेवते आहे.

तुझी,
ताई